खिशातल्या गोळ्या

सासूबाईंच्या वाढदिवसाला दुकान बंद ठेवायचं, एवढी एकच चैन या घराला ठाऊक होती. एरवी घरात लग्न असो, ताप असो की भांडण असो, शटर सकाळी वर जायचंच. लोकांचे कोट आपल्या सुखदुःखासाठी थांबत नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या दिवशी मात्र मागच्या खोलीतल्या इस्त्रीच्या लांब टेबलावर स्वच्छ चादर अंथरली जायची, वाफेच्या नळ्या गार पडायच्या आणि लटकवलेल्या कपड्यांच्या रांगा भिंतीकडे सरकवून माणसांना बसायला जागा केली जायची. खोलीला ड्रायक्लीनिंगच्या औषधाचा वास कायमचा होता. घरच्यांना तो कधीच येत नसे.

यंदा पंच्याऐंशीवा वाढदिवस. सूनबाई टेबलावरची चादर ओढून सारखी करत होती. चादरीला एकही सुरकुती नव्हती, तरी ओढत होती. सकाळपासून तिचे हात असे उगाच चालत होते आणि त्याचं कारण आत्ता बाहेर काउंटरपाशी भावाला चिडवत उभं होतं.

कारण म्हणजे तिची थोरली लेक. अठ्ठावीस वर्षांची, बँकेत नोकरीला, लग्न होऊन आपल्या घरी गेलेली, पण इथे अजून चिंगीच. सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली होती आणि आईला कोटांच्या दोन रांगांमध्ये ओढून नेऊन तिनं काय ते सांगून टाकलं होतं.

"आई, माझी गोळी बदलतायत."

"कुठली? फिटची?"

"तीच. हळूहळू कमी करून दुसरी चालू करणार. आम्हाला मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी घरची चौकशी केली. कोणाला ऑटिझम आहे का? म्हटलं, धाकट्या भावाला. मग विचारलं, त्याच्या वेळी आईला काही औषधं चालू होती का? म्हटलं, आईलाही फिट यायच्या, हीच गोळी होती." चिंगीनं एका कोटाची बाही हातात घट्ट धरली होती. "त्या गोळीनं पोटातल्या बाळाला धोका वाढतो, आई. आता ते नक्की कळलंय. तेव्हा डॉक्टरांनाही एवढं माहीत नव्हतं."

"म्हणजे आपला बटण्या..."

"गोळीमुळेच झालं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. मी दहादा विचारलं. म्हणाले, खूप गोष्टी एकत्र येतात. रक्तातून येतं ते सगळ्यात जास्त. बापाचं वय असतं, बाळ दिवसांआधी जन्मणं असतं. ती गोळी घेतलेल्या बहुतेक आयांच्या मुलांना ऑटिझम होतही नाही. पण गोळीही त्यातलीच एक, हे खरं."

सूनबाईचा हात आपोआप डाव्या मनगटाच्या वरच्या जुन्या डागाकडे गेला. चिंगी शाळेत जायला लागल्यावर तिला पहिली फिट आली होती, ती याच खोलीत, गरम प्रेसच्या पुढ्यात. आडवी झाली तेव्हा हात प्रेसवर होता.

"आजीला कळता कामा नये," ती म्हणाली. "जन्मात कळता कामा नये."

"मी कशाला सांगू? मी तुला सांगायला आले. पण समोरून कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही हं मी, आई. मला आता खोटं परवडत नाही."

लेकीचं चुकत नव्हतं. हेच तर दुखणं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत करून पोरगी भावाला हाक मारत बाहेर निघून गेली आणि सूनबाई चादर ओढत राहिली.

तिला भीती होती ती एका गोष्टीची. गोष्ट म्हणजे अक्षरशः गोष्ट. सासूबाई ती दर वाढदिवसाला जेवण झाल्यावर सांगत आणि घर दर वर्षी तिला हसत असे.

जेवायला टेबलाशी पाचच जण होते. सासूबाई टेबलाच्या टोकाला, उशीवर उशी ठेवून बसलेल्या. त्यांच्या उजव्या हाताला धाकटे मालक, म्हणजे सूनबाईचा नवरा. साठी आली तरी गिऱ्हाइकं त्यांना धाकटे मालकच म्हणत, कारण थोरल्या मालकीणबाई अजून गल्ल्यामागे बसत होत्या. डाव्या हाताला मालकांच्या थोरल्या बहीण, मुलांच्या आत्या. आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेपुरतं. मग चिंगी आणि सूनबाई.

बटण्या कधीच टेबलाशी जेवत नसे. त्याचं ताट खिडकीजवळच्या स्टुलावर, पदार्थ एकमेकांना न लागतील असे वाढलेले. लहानपणी दुकानातली तुटकी बटणं रंगाप्रमाणे लावत तासन्‌तास बसायचा, म्हणून बटण्या. आता एकोणीस वर्षांचा, बापापेक्षा उंच. स्वतःचं बोलणं फार थोडं. दुसऱ्यांची वाक्यं मात्र तो जशीच्या तशी, त्या त्या माणसाच्या आवाजात बोलायचा, आणि पुष्कळदा ती बरोब्बर जागी पडायची. दुकानात त्याचं काम ठरलेलं होतं. आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे. फार पूर्वी कोणाच्या तरी खिशातलं शाईचं पेन यंत्रात गेलं होतं आणि पांढऱ्या कपड्यांचं अख्खं ओझं निळं होऊन बाहेर आलं होतं. तेव्हापासून सासूबाईंचा नियम होता, खिसा उलटा केल्याशिवाय चिंधीसुद्धा यंत्रात जाणार नाही. माणसावर विश्वास ठेवा, खिशावर ठेवू नका.

जेवणं होत आली आणि धाकट्या मालकांनी हात पुसत म्हटलं, "हं आई, होऊन जाऊ दे."

"आज नको," सूनबाई घाईनं म्हणाली. "त्या दमल्यात."

"दमायला मी काय कोट इस्त्री केलेत?" सासूबाई म्हणाल्या. झगा सावरून त्या ताठ बसल्या. "तर, ही बटण्याच्या वेळी गरोदर. फिटच्या गोळ्या चालू. सकाळ-संध्याकाळ मी माझ्या हातानं द्यायची, ही गपकन तोंडात टाकायची. मी म्हणते, किती शहाणी सून! एक दिवस हिचा एप्रन धुवायला टाकताना सवयीनं खिसा उलटा केला, तर काय? मूठभर गोळ्या! गालात धरायची आणि माझी पाठ वळली की खिशात."

"मग तू काय म्हणालीस?" आत्यांनी ठरल्याप्रमाणे विचारलं.

"मी म्हटलं..."

"खिशात लपवतेस? ते पण माझ्या घरात?" धाकटे मालक आणि आत्या एका सुरात म्हणाले आणि हसले. खिडकीतून बटण्याही म्हणाला, अगदी सासूबाईंच्या आवाजात, ताटावरची नजर न काढता.

"हो मग! जन्मभर लोकांचे खिसे उलटे करून खाल्लं, आणि घरची सून मला फसवणार?" सासूबाईंना हसताना ठसका लागला. "त्या दिवसापासून रोज समोर उभी करायची. आ कर. जीभ वर. गेली? गेली. आता दोघं सुखरूप. बाळंत होईपर्यंत एक गोळी चुकू दिली नाही मी."

चिंगी हसली नव्हती. ती पाण्याच्या पेल्याकडे बघत होती, आणि आत्यांच्या नजरेला वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचण्याची सवय झालेली.

"चिंगे, तुला काय झालं? तुझं कसं काय आहे आता? गोळी वेळेवर घेतेस ना?"

"घेते, आत्या. बदलतायत ती."

"बदलतायत? का म्हणून? चांगलं चाललंय त्यात ढवळाढवळ कशाला?"

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरांचं काय, रोज नवीन औषध निघतं." आत्या भावाकडे वळल्या. "तू विचारलंस का? उद्या दिवस राहिले आणि रस्त्यात फिट आली तर? आधीच हे आईकडून आलेलं दुखणं. आमच्या घरात कोणाला नव्हतं असलं काही."

हे शेवटचं वाक्य सूनबाई एकोणीस वर्षं ऐकत आली होती. फिट तिच्या माहेरची, मग मुलगाही तिच्या माहेरचाच, असा आत्यांचा हिशेब. तिनं तो कधी खोडला नव्हता. आजही ती ताटं गोळा करायला लागली.

पण सासूबाई आता हसत नव्हत्या. गल्ल्यामागे बसल्यावर त्यांचा जो चेहरा असे, तो झाला. "चिंगे, इकडे ये. ती जुनी गोळी आहे ना पर्समध्ये? तीच चालू ठेवायची. त्या गोळीवर तुझी आई जगली. दिवस राहिले की इथे येऊन राहा. मी देईन माझ्या हातानं. तुझ्या आईची घेतली तशी तुझी काळजी घेईन."

चिंगीनं आईकडे बघितलं. त्या बघण्यात सकाळचं सगळं होतं.

"ती गोळी आता बाजारात मिळत नाही, आई," सूनबाई म्हणाली.

"कोण म्हणतं?" आत्या म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या आजोबांना तीच आहे. परवा मीच आणून दिली."

लोकांच्या कोटांची भोकं सूनबाई अशी रफू करायची की मालकालासुद्धा सापडत नसत. स्वतःचं खोटं काही तिला सांधता येईना. तिथेच ती फसली.

"सूनबाई," सासूबाई हळू म्हणाल्या, "काय लपवतेस तू?"

"काही नाही."

"खिसा उलटा कर."

कोणीही हसलं नाही. चिंगी उठली, आजीच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं आजीचा हात हातात घेतला. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तिनं सांगितलं. काही वाढवलं नाही. सगळं एकत्र येतं, एकावर बोट ठेवता येत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. गोळी अचानक बंद केली असती तर आईच्या जिवावर बेतलं असतं, तेही सांगितलं. पण गोळीचं सांगायचं राहिलं नाही.

पहिले बोलले ते धाकटे मालक. एरवी आईसमोर त्यांचा आवाज फुटत नसे. "वय ना? म्हणाले ना ते बापाच्या वयाचं? माझी चाळिशी उलटली होती. आणि महिनाभर आधी आला तो. ते माझं आहे, आई. गोळीबिळीचं काही नाही. माझं आहे ते."

"आणि काका?" आत्या एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "बाबांचे धाकटे भाऊ? जन्मात कोणाकडे मान वर करून बघितलं नाही त्यांनी. दिवसभर दोऱ्याची रिळं लावत बसायचे, एक हललं की रडायचे. सगळे त्यांना वेडे म्हणायचे. रक्तातून येतं म्हणतेस ना, चिंगे? मग ते आमचंच रक्त आहे. आमचंच. वहिनीचा काय संबंध?"

हे काका सूनबाईला आज कळत होते. एकोणीस वर्षांत त्यांचा कोणी उच्चार केला नव्हता, कुठल्या भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता. ज्या वाक्यासाठी ती रात्र-रात्र उशी ओली करत आली होती, ते वाक्य आज आत्यांच्या तोंडून आलं, आणि आलं तेही तिच्यासाठी नाही, आपल्या आईला वाचवायला. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. बुडत्यानं काडी धरावी तशी तिनंही तीच धरली.

"हो ना," ती म्हणाली. "काकांवरच गेलाय तो. बघा की, रिळं काय आणि बटणं काय."

सासूबाई कोणाचंच ऐकत नव्हत्या. त्या खिडकीकडे बघत होत्या. बटण्या जेवून उठला होता आणि पेला, वाटी, ताट उंचीप्रमाणे लावत होता. बोलायला शिकला तो त्यांच्या मांडीवर, पाच वर्षांचा झाल्यावर. पहिला शब्द त्यांचाच होता, "उलटा". त्याला शाळेनं परत पाठवलं तेव्हा शाळेच्या दारात भांडायला त्याच गेल्या होत्या. त्याच्या अंगाला चालेल असं मऊ कापड हुडकत गावभर फिरल्या होत्या. या घरात त्याच्या अंगाला हात लावलेला त्याला चालायचा तो फक्त एकीचा.

"त्या मूठभर गोळ्या," त्या म्हणाल्या. "मी शोधल्याच नसत्या तर?"

"तर मी मेले असते, आई," सूनबाई म्हणाली. ते खरंच होतं. तिनं बाही वर करून डाग दाखवला. "हे बघा. तेव्हा हातावर निभावलं. पुढच्या वेळी प्रेसवर तोंड असतं. तुम्ही होतात म्हणून मी आहे. दोघंही आहोत."

"ते नाही विचारलं." सासूबाईंनी मान हलवली. "तू लपवत का होतीस? इतकी वर्षं गोष्ट सांगते मी. तुला एकदाही विचारलं नाही, बाई, का लपवत होतीस."

सूनबाईला ते दिवस आठवले. गोळी पोटात गेली की घटकाभरानं आतलं बाळ निपचित व्हायचं. दिवसभर लाथा मारणारं, संध्याकाळच्या गोळीनंतर गप्प. तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले होते, मनाचे खेळ असतात. असतीलही. आजच्या डॉक्टरांना विचारलं तर तेही तसंच म्हणतील. पण तिला वाटायचं, हे त्याला नको आहे. त्याच्यासाठी तिनं त्या गालात धरल्या होत्या, आणि जगात कुठेही लपवायच्या सोडून या घरातल्या खिशात लपवल्या होत्या.

"मळमळायचं," ती म्हणाली. "बाकी काही नाही. उलटी व्हायची म्हणून."

सासूबाईंनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. पंच्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना कोटावरचा डाग कशाचा ते लांबून कळत असे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

"मीच," त्या एवढंच म्हणाल्या. "माझ्या हातानं."

धाकटे मालक "आई, आई" करत राहिले. आत्या तोंडाला पदर लावून उठल्या आणि कोटांच्या रांगेआड जाऊन उभ्या राहिल्या. प्लॅस्टिकच्या आवरणांचा हलका आवाज तेवढा येत होता. त्या रडत होत्या की नुसत्या टेकल्या होत्या, कळत नव्हतं.

तेवढ्यात बटण्या आला. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर सासूबाईंची रक्तदाबाची गोळी. जेवण झालं की गोळी. हे काम त्याला सासूबाईंनीच लावून दिलं होतं, आणि ते कसं करायचं हे तो त्यांच्या गोष्टीतूनच शिकला होता. एवढी वर्षं त्या कौतुकानं सांगत, माझी सून मला फसवू शकली नाही आणि मी माझ्या नातवाला फसवू शकत नाही.

"आ कर," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या तळहाताकडे बघितलं. हात मोठा होता, पुरुषाचा, खिसे उलटून उलटून बोटांची टोकं घट्ट झालेली. त्यांनी गोळी उचलली. ओठांपर्यंत नेली. मग तोंड न उघडता हात खाली घेतला आणि मूठ झग्याच्या खिशात घातली. हात बाहेर आला तो रिकामा.

"झालं, राजा," त्या म्हणाल्या. "जा तू."

सूनबाईनं ते पाहिलं. या बाईला आज गोळी नको होती. कोणाच्याही हातची नको होती, आणि या हातची तर मुळीच नको होती.

बटण्यानं पेला टेबलावर ठेवला. घाई केली नाही. वाकून त्यानं आजीच्या झग्याचा खिसा दोन बोटांत धरला आणि दिवसातून शंभरदा करतो तसा एका झटक्यात उलटा केला. गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत पेल्याला जाऊन लागली. त्यानं ती उचलली, फुंकली आणि पुन्हा तळहातावर धरली.

"खिशात लपवतेस?" तो सासूबाईंच्या आवाजात म्हणाला. "ते पण माझ्या घरात?"

कोणी हसलं नाही, हे त्याला पटलं नाही. त्यानं बापाकडे बघितलं, मग चिंगीकडे, मग रांगेआडच्या आत्यांच्या पायांकडे. या जागी लोक हसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो थांबला. हसू आलंच नाही, तेव्हा पुढचं वाक्य घेतलं.

"आ कर."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं. त्यांनी सूनबाईकडे बघितलं, जणू तिची परवानगी विचारत होत्या. सूनबाई उठली. ती सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

"घ्या, आई," ती म्हणाली. "त्याच्या हातची घ्या."

सासूबाईंनी तोंड उघडलं. बटण्यानं गोळी जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला, घोट खाली जाताना गळ्याकडे नीट बघितलं.

"जीभ वर."

त्यांनी जीभ वर केली. त्यानं वाकून आत बघितलं, एका गालात, मग दुसऱ्या गालात. समाधान झालं तसा तो सरळ उभा राहिला.

"गेली," तो म्हणाला. "आता दोघं सुखरूप."